रब्बीच्या जिल्ह्याला खरिपाचे माप लावू नका

दिनांक १८ नोव्हेंबर २०२३

प्रति,
मा. मंत्री महोदय, मदत व पुनर्वसन विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच दुष्काळविषयक मंत्रिमंडळ उपसमितीचे सन्माननीय सदस्य यांस,

विषय : सोलापूर जिल्ह्यातील यादीबाहेर राहिलेल्या गावांची रब्बी हंगामाच्या निकषांवर फेरपाहणी करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. ३१ ऑक्टोबरला शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सोलापूर जिल्ह्यातील ११ तालुक्यांपैकी बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा हे पाच तालुके त्या यादीत आले. पुढे १० नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणखी १,०२१ महसुली मंडळांत, म्हणजे तालुक्याहून लहान अशा गावांच्या गटांत, दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. आमचे गाव पहिल्या यादीत नाही आणि दुसऱ्याही यादीत नाही. ओढ्यापलीकडचे मंडळ दुसऱ्या यादीत आहे, अलीकडचे आमचे मंडळ मात्र नाही. गावाचे आणि तालुक्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका गावाचे गाऱ्हाणे म्हणून बाजूला ठेवले जाऊ नये असे मला वाटते.

मी कोरडवाहू शेतकरी आहे. सात एकर जमीन, त्यातली निम्मी काळी आणि निम्मी मुरमाड, एक विहीर आणि दावणीला तीन जनावरे एवढा आमचा संसार आहे. सासऱ्यांच्या मागे शेतीचे सगळे व्यवहार मीच पाहते आणि सातबाऱ्यावर नावही माझे आहे. आमच्या गावाला कालवा नाही, आणि नजीकच्या काळात तो येईल अशी कोणतीही योजना नाही. जे काही पिकते ते पावसावर आणि पावसाने जमिनीत ठेवलेल्या ओलीवर पिकते.

यंदाचा पाऊस कसा पडला हे आपल्या कार्यालयात आकड्यांत मांडलेले असेल. शेतात तो कसा दिसला ते मी सांगते. जूनमध्ये मोसमी पाऊस कोकणाच्या किनाऱ्याला येऊन थबकला आणि आमच्याकडे मृग कोरडा गेला. जुलैत पेरणीपुरता पाऊस झाला, म्हणून लोकांनी उडीद, तूर, मका टाकला. त्यानंतर ऑगस्ट आला. यंदा अधिक मासामुळे श्रावण लांबला होता, पण श्रावणसरी म्हणून आल्याच नाहीत. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, हे भारतीय हवामान विभागानेच सांगितले आहे. ऐन फुलोऱ्यात उडदाची पाने दुपारी माना टाकत आणि सकाळीही सावरत नसत. शेंग धरली ती अर्धी पोचट निघाली. सप्टेंबरही बराचसा तसाच गेला आणि अखेरच्या आठवड्यात, उत्तरा सरता सरता, पाऊस आला. तो आला तेव्हा आम्हालाही वाटले की रब्बी तरी हाती लागेल. पण हस्ताचे उरलेले दिवस, पाठोपाठ चित्रा आणि मग स्वाती, सगळी नक्षत्रे कोरडी गेली. मोसमी पाऊस महाराष्ट्रातून निघून गेला आणि मागे कडक ऊन तेवढे राहिले.

सप्टेंबरअखेरच्या त्या पावसाने आमच्या शेताला जेवढे दिले, त्याहून अधिक आमच्याकडून घेतले, कारण त्यानेच आमचे मंडळ निकषाबाहेर काढले. मंडळे निवडताना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, या दोन अटी लावण्यात आल्या. सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरीच ७५० च्या बरीच खाली आहे, त्यामुळे दुसऱ्या अटीला आमच्याकडे काही अर्थ उरत नाही आणि सगळा निवाडा पहिल्या अटीवर येऊन ठेपतो. चार महिन्यांची बेरीज ७५ च्या एका बाजूला पडली तर गाव दुष्काळात, दुसऱ्या बाजूला पडली तर गाव सुकाळात. साडेतीन महिने उपाशी राहिलेल्या जमिनीवर दोन संध्याकाळी कोसळून ओढ्याने वाहून गेलेला पाऊसही त्या बेरजेत मिलिमीटरला मिलिमीटर धरला जातो. आणि ज्या ऑक्टोबरवर आमच्या ज्वारीचे सगळे अवलंबून असते, तो ऑक्टोबर त्या बेरजेत येतच नाही.

माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे. सोलापूर हा रब्बीचा जिल्हा आहे. आमच्याकडे पावसाचा सर्वांत मोठा महिना सप्टेंबर, आणि त्याला ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाची जोड मिळाली तरच वर्ष उभे राहते. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण आजही राज्यभर पेरले जाते. कोरडवाहू शेतीवर सोलापुरात १९३३ पासून संशोधन चालू आहे. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी, ही कृषी विद्यापीठाचीच शिफारस आहे. म्हणजे आमच्या मुख्य पिकाचा जन्म ज्या महिनाभरात होतो, त्याचा अर्धा भाग आपल्या मोजमापाच्या आत आहे आणि अर्धा बाहेर. सप्टेंबरअखेरीला हिशेब मिटवून टाकला, तर रब्बीच्या जिल्ह्याचे वर्ष सुरू होण्याच्या आतच त्याचा निकाल लागतो.

त्या पावसानंतर वापसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी झाली, तेव्हा मी काळ्या रानात ज्वारी पेरली. मुरमाड तुकड्यात पेरण्याचे धाडस केले नाही, कारण तिथे ओल आठवडाभरही टिकली नाही. पेरणीच्या वेळी पाभरीच्या फणामागे माती ओलसर दिसत होती, पण खुरप्याने वीतभर खाली उकरले की कोरडी, भुसभुशीत माती लागत होती. वरची ओल आणि खालची ओल एकमेकींना भेटलीच नाही, असे आम्ही म्हणतो. काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी पुढचे चार महिने पावसाविना तग धरते ती हातभर खोल मुरलेल्या ओलीवर; ती ओल यंदा जमिनीत नाहीच. उगवण विरळ झाली, काकरीत हात-हात अंतर रिकामे आहे, आणि जे रोप आले ते गुडघ्याला लागायच्या आत पिवळे पडू लागले आहे. ज्या भेगा एरवी पौष-माघात पडतात, त्या रानात आत्ताच पडल्या आहेत आणि त्या भेगांतून उरलीसुरली ओलही उडून जात आहे.

ज्वारी गेली म्हणजे एक पीक गेले, असे मुंबईत वाटू शकते. आमच्याकडे ज्वारी गेली की भाकरी आणि वैरण दोन्ही एकदम जातात. कडबा हा आमच्या जनावरांचा वर्षाचा आधार आहे आणि पुष्कळदा दाण्यापेक्षा कडब्याचेच पैसे जास्त होतात. कडब्याचा शेकडा आत्ताच गेल्या वर्षीपेक्षा चढा लागतो आहे, आणि नवा कडबा तर माघ-फाल्गुनापर्यंत कोणाच्याच रानात तयार व्हायचा नाही. गावातली दुभती जनावरे बाजाराकडे निघू लागली आहेत. ज्यांच्या घरी महिन्याचा किराणा दुधाच्या पगारावर चालतो, त्यांना जनावर विकणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

आता इतर गाऱ्हाणी क्रमाने मांडते.

पहिले गाऱ्हाणे पाऊस मोजण्याचे आहे. एका मंडळात पुष्कळ गावे असतात आणि त्या सगळ्यांचा पाऊस एका ठिकाणच्या यंत्रावर ठरतो. आमच्या भागातला पाऊस शिवाराशिवाराने पडतो, हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे; रस्त्याच्या एका बाजूला पाणी साचते आणि दुसऱ्या बाजूला धूळ उडते. यंत्राजवळ कोसळलेली सर दहा-बारा किलोमीटरवरच्या गावाच्या नावावर मांडली जाते, आणि त्या गावाला ती सर दिसलेलीसुद्धा नसते. जिथे मंडळांचे नुकतेच विभाजन झाले आहे, तिथे तर नव्या मंडळात पर्जन्यमापकच नाही. ज्या मंडळाचा पाऊस मोजलाच गेला नाही, त्या मंडळाला निकषात बसत नाही असे सांगणे न्यायाला धरून नाही.

दुसरे गाऱ्हाणे पाहणीचे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे पावसाची तूट ही पहिली कसोटी लागल्यानंतर पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतली ओल आणि पाणीसाठे हे निर्देशांक पाहायचे असतात, आणि त्यानंतर निवडक १० टक्के गावांत प्रत्यक्ष शेतात जाऊन पडताळणी करायची असते. ही रचना मुळात चांगली आहे, असे मला वाटते. अडचण अशी की पहिल्याच पायरीवर जे गाव गळले, त्याच्या बांधावर कोणीही येत नाही. शिवाय सप्टेंबरअखेरच्या पावसाने पडीक रानात गवत आणि तण हिरवे होते, ओढ्याकाठची वेडी बाभूळ बारमाही हिरवी असते, आणि ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांचा ऊस तर हिरवा असतोच. वरून पाहणाऱ्याला शिवार हिरवे दिसेल, पण त्या हिरव्यात आमची ज्वारी किती आहे हे खाली उतरूनच कळेल.

तिसरे गाऱ्हाणे भीमेवरच्या उजनी धरणाच्या आकड्याचे आहे. सोलापूर जिल्ह्याची परिस्थिती विचारली की उजनी किती टक्के भरले, असा प्रतिप्रश्न येतो. उजनी भरते ते सह्याद्रीत आणि पुणे जिल्ह्यातल्या धरणांच्या वर पडलेल्या पावसाने. त्याचा आमच्या शिवारातल्या पावसाशी संबंध नाही. ज्या वर्षी उजनी शंभर टक्के भरते, त्या वर्षीही कालव्याबाहेरची आमची गावे कोरडी राहू शकतात. यंदा तर उजनीच साठ टक्क्यांच्या आसपास अडकले. या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असला, तरी त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे तळाचे एरवी न वापरायचे पाणी, आहे आणि उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसीच आहे. साठ टक्के म्हणजे त्या ५३ चे साठ टक्के. त्यातून शेतीची आवर्तने (कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या), कारखाने, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा आणि सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी, एवढे सगळे भागवायचे आहे. सोलापूर शहरासाठी औज बंधाऱ्यापर्यंत भीमेतून पाणी सोडावे लागते आणि शहराच्या नळाला जेवढे लागते त्याच्या कितीतरी पट पाणी वाटेत मुरते किंवा उपसले जाते. उजनीपासून शहरापर्यंतची समांतर जलवाहिनी मात्र अजून पूर्ण झालेली नाही. धरण भरलेल्या वर्षीही शहरात चार-पाच दिवसांआड पाणी येते. येत्या उन्हाळ्यात काय होईल याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ लागत नाहीत. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत उजनी मृतसाठ्यात किती खोल गेले होते, हे सर्वांनी पाहिले आहे.

चौथे गाऱ्हाणे सवलतींचे. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरजेप्रमाणे टँकर आणि वीजजोडणी न तोडणे, अशा आठ सवलती जाहीर झाल्या आहेत. त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या आईला परीक्षा शुल्काची माफीसुद्धा मोठी असते. पण मंडळांसाठीच्या या यादीत पिकाच्या नुकसानीची थेट मदत नाही. पुनर्गठन म्हणताना शब्द ‘सहकारी कर्ज’ असा आहे. ज्यांनी सोसायटीऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेतून पीककर्ज घेतले, त्यांनी काय करायचे याचा खुलासा नाही. आमच्या शेजाऱ्यांना त्यांच्या बँकेतून दिवाळीच्या आठवड्यात वसुलीची नोटीस आली. ते यादीबाहेरच्या गावातले असल्यामुळे शाखेत जाऊन दाखवण्यासारखा कोणताही कागद त्यांच्याकडे नव्हता.

विहिरींबद्दल थोडक्यात सांगते, कारण पुढचे सगळे तिथेच ठरणार आहे. एरवी या दिवसांत आमच्या विहिरीला निम्म्याच्या वर पाणी असते. आज मोटर तासभर चालते, मग पाइपातून फेस येऊ लागतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते. ज्यांनी डाळिंबाचा हस्त बहार धरला, ते आत्ताच टँकरच्या पाण्याची चौकशी करत आहेत. भूजल सर्वेक्षण विभाग पावसाळ्यानंतर निरीक्षण विहिरींची पातळी मोजून मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतो. त्या नोंदी शासनाकडे आहेतच. त्या गाववार जाहीर केल्या, तर दुष्काळ कुठे आहे याचा वाद पुष्कळसा मिटेल.

पुढचे दिसते आहे ते असे. यंदा आपल्या पावसाला मारक ठरणारा अल निनो सक्रिय आहे. हिवाळ्यात एखादा अवकाळी पाऊस झाला तरी तो ज्वारी, कांदा, द्राक्ष यांपैकी कोणाचे भले करील आणि कोणाचे नुकसान, हे कोणी सांगू शकत नाही. त्याच्या भरवशावर नियोजन करता येत नाही. भरवशाचा पाऊस यायला जून उजाडावा लागतो आणि यंदाचा अनुभव पाहता जुलै धरलेला बरा. म्हणजे आज मोजले तर सात-आठ महिने काढायचे आहेत, आणि सरकारी टंचाई आराखड्याची तीन टप्प्यांची विभागणी पाहता ऑक्टोबर ते डिसेंबर हा पहिला टप्पा निम्मा सरला आहे. २०१९ मध्ये सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तोपर्यंत कित्येकांची दावण रिकामी झाली होती. मदत उशिरा आली की ती उरलेल्या जनावरांच्या उपयोगी पडते, गेलेल्यांच्या पडत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

संहितेत रब्बीचा दुष्काळ ३१ मार्चपर्यंत जाहीर करण्याची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन सोलापूर जिल्ह्यातील यादीबाहेरच्या सर्व मंडळांची रब्बी पेरणी, उगवण, जमिनीतली ओल आणि भूजल पातळी यांवर डिसेंबर संपायच्या आत फेरपाहणी करावी. या पाहणीत ऑक्टोबरचा पाऊस धरावा आणि चार महिन्यांच्या एकाच बेरजेऐवजी पावसातले खंड पाहावेत. पाहणीला येणाऱ्यांनी प्रत्येक गावात काळे, मध्यम आणि मुरमाड असे तिन्ही प्रकारचे रान पाहावे, आणि पंचनाम्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. केंद्रीय पथक जिल्ह्यात येईल तेव्हा त्याला यादीतल्या गावांबरोबर यादीबाहेरचीही काही गावे दाखवावीत, आणि वाळलेले पीक रानात उभे आहे तोवरच दाखवावीत.

ज्या मंडळात पर्जन्यमापक नाही किंवा बंद आहे, त्याला जवळच्या यादीतल्या मंडळाप्रमाणे धरावे, आणि पुढच्या जूनपूर्वी गावोगावी साधे पर्जन्यमापक बसवावे. त्याची रोजची नोंद शाळेतले शिक्षक किंवा कोतवाल सहज ठेवू शकतील.

दुष्काळसदृश मंडळांनाही तालुक्यांप्रमाणे पीकनुकसानीची थेट मदत मिळावी. पीककर्जाचे पुनर्गठन आणि वसुलीची स्थगिती सर्व बँकांना लागू आहे, असा स्पष्ट आदेश काढून त्याची प्रत प्रत्येक शाखेत लावावी.

जिल्ह्यातला चारा जिल्ह्याबाहेर जाण्यावर आत्ताच निर्बंध घालावेत, ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांना मका आणि कडवळाचे (चाऱ्याच्या ज्वारीचे) बियाणे देऊन चारा पिकवून घ्यावा आणि तो ठरलेल्या दराने खरेदी करावा. छावण्यांची वेळ येण्याआधी चारा डेपो उघडावेत, म्हणजे जनावर घरच्या गोठ्यातच राहील.

उजनीच्या उरलेल्या पाण्यातून पुढच्या जुलैअखेरपर्यंतचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावे आणि मग आवर्तनांचा हिशेब करावा. कालवा सल्लागार समितीने किती पाणी कोणासाठी आणि कोणत्या तारखेला सोडायचे ठरवले, ते जाहीर करावे. उसासह सर्व पिकांना हाच हिशेब लागू असावा. हे लिहिताना मला ठाऊक आहे की ऊसवाले शेतकरी आमचेच सोयरे आहेत. तरीही पिण्याचे पाणी आधी, हा क्रम त्यांनाही मान्य व्हावा असे मी त्यांना या पत्रातून सांगते.

रोजगार हमीची कामे यादीबाहेरच्या गावांतही लगेच सुरू करावीत. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात १०० दिवसांवर आणखी ५० दिवसांचे काम मिळते. आम्हाला यादीत घेतले तर त्याचा लाभ मिळेल. सध्याची मजुरी २७३ रुपये रोज आहे. ती पंधरा दिवसांच्या आत हाती पडली तरच माणूस गावात थांबतो, नाहीतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघून जातो आणि त्याच्यामागे मुलांची शाळा सुटते. आमच्याकडे नालाखोलीकरण, बांधबंदिस्ती आणि विहिरींतला गाळ काढणे अशी कामे पडून आहेत, ग्रामसभेचे ठरावही झालेले आहेत. फक्त मंजुरी हवी आहे.

या पत्राची प्रत मा. जिल्हाधिकारी, सोलापूर यांना स्वतंत्रपणे देत आहे. फेरपाहणी कोणत्या तारखेपासून सुरू होईल, हे या महिन्याअखेरपर्यंत लेखी कळवावे, ही विनंती. पाहणीला जो अधिकारी येईल, त्याच्याबरोबर शिवारातला प्रत्येक बांध फिरण्याची आमची तयारी आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक कोरडवाहू शेतकरी,
जिल्हा सोलापूर